शिट्टी, शाबासकी आणि शागिर्द

आम्ही पेशाने शिक्षक. उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. पण ज्या शाळेत क्रीडाशिक्षक नसतो, तिथे वयाने लहान असलेल्या मास्तरच्या गळ्यात आपोआप शिट्टी येऊन पडते. तशी ती आमच्याही गळ्यात पडली. बी.एड. करताना खेळाचे शास्त्र आम्हाला कुणी शिकवले नव्हते. लहानपणी गल्लीत क्रिकेट खेळलो होतो, एवढीच काय ती पात्रता. तरीही आम्ही मुलांना मैदानावर नेऊ लागलो आणि वर्षभरातच स्वतःला 'कोच' समजू लागलो.

सातवीत एक मुलगा होता. त्याचे नाव इथे घेत नाही. बाप हातगाडीवर केळी विकायचा. पोरगा अनवाणी धावायचा आणि असा धावायचा की बघणाऱ्याला वाटावे, याला थकवा ठाऊकच नाही. सहाशे मीटरच्या शर्यतीसाठी आम्ही त्याची तयारी सुरू केली. रोज फजरनंतर मैदान, हातात घड्याळ, तोंडात शिट्टी. चार सेकंद उशीर झाला की एक फेरी जास्त. तालुक्याला तो पहिला आला. जिल्ह्याला चौथा आला. चौथा आल्यावर, सगळ्या शाळांची मुले उभी असताना, आम्ही त्याला म्हणालो की तू आज शाळेचे नाक कापलेस, आता कौमला काय तोंड दाखवायचे?

दुसऱ्या दिवशी तो मैदानावर आला नाही. पुढेही आला नाही. आम्ही घरी निरोप पाठवला, वर्गात रागावलो, मग लाडीगोडी लावली. शेवटी एकदा व्हरांड्यात त्याला गाठून विचारले, "बेटा, दौडना क्यों छोड दिया?" तो खाली मान घालून म्हणाला, "सर, पहले मैं दौडता था. बाद में आप दौडाने लगे."

हे वाक्य आमच्या काळजात रुतून बसले आहे. या लेखाचे निमित्त तेच. प्रश्न साधा दिसतो: उस्तादाचा शागिर्दावर हक्क किती? त्याच्या भल्यासाठी म्हणून, जिंकण्यासाठी म्हणून, त्याच्या मनात आपण कुठवर शिरावे?

बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता. त्यात पाव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर आणि स्किनरचे उंदीर-कबुतर आम्ही घोकले. बक्षीस दिले की वर्तन वाढते, शिक्षा दिली की घटते, हे उत्तर लिहून गुणही मिळवले. माणसाचे मूल त्या पेपरात फार उशिरा येत असे. त्या मुलाच्या प्रसंगानंतर आम्ही पुन्हा वाचू लागलो, तेव्हा एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची ओळख झाली. डेसी यांनी 1971 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना तुकडे जुळवण्याचे एक कोडे सोडवायला दिले. काहींना प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले, काहींना दिले नाहीत. मधल्या मोकळ्या वेळात कोण आपणहून कोड्याशी खेळत बसतो, हे पाहिले. पुढे पैसे बंद झाले तेव्हा ज्यांना ते मिळाले होते त्यांची गोडी ओसरलेली दिसली. ज्या कामात आनंद होता ते आता मजुरी झाले होते.

पुढे या दोघांनी मिळून जो सिद्धांत मांडला, त्यावरचा त्यांचा ग्रंथ 1985 साली आला. त्याचे सार असे की शरीराला जशी अन्न-पाण्याची गरज असते, तशा मनाच्याही तीन गरजा असतात. एक, मी हे माझ्या मर्जीने करतो आहे ही भावना. उर्दूत आपण खुदमुख्तारी म्हणू. दुसरी, मला हे जमते, मी यात वाढतो आहे, म्हणजे काबिलियतची जाणीव. तिसरी, मी इथे कुणाचा तरी आहे, हरलो तरी हाकलला जाणार नाही, ही अपनाइयत. या तिन्ही भागल्या तर माणूस आतून पेटतो आणि टिकतो. त्या मारल्या तर तो काही काळ धावेल, पण भीतीने किंवा लाजेने धावेल. खेळाडूच्या बाबतीत या तिन्हींची किल्ली मोठ्या प्रमाणात प्रशिक्षकाच्या हाती असते, असे नंतरच्या क्रीडा-मानसशास्त्रज्ञांनी मांडले.

आमच्या त्या मुलाचा हिशेब आता सरळ मांडता येतो. शर्यत त्याने निवडली नव्हती, आम्ही निवडली होती. चार सेकंदांच्या घड्याळाने त्याला रोज काय जमले नाही तेवढेच सांगितले. आणि चौथा आल्यावर आम्ही त्याला सर्वांसमोर परका केला. तिन्ही दिवे आम्हीच विझवले आणि वर विचारले, अंधार का झाला?

इथे कुणी म्हणेल, हे सारे पुस्तकी लाड झाले. कडक उस्तादाशिवाय कधी कुणी मोठा झाला आहे काय? आपल्याच मुंबईतले रमाकांत आचरेकर सर घ्या. शिवाजी पार्कवर त्यांचा दरारा होता. सचिन तेंडुलकरने 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर निरोपाचे भाषण केले, त्यात त्याने सांगितले की सर कधीही 'छान खेळलास' असे म्हणाले नाहीत. शाळेच्या मोठ्या संघाचा सामना पाहायला म्हणून आपला सराव सामना चुकवला, तेव्हा सरांच्या हातची थप्पड खाल्ल्याची आठवणही त्याने सांगितली आहे. मग तीन गरजांचे काय झाले?

आम्ही यावर बराच विचार केला. थप्पडीचे समर्थन आम्ही करणार नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींवर बंदी घातली आहे आणि ती योग्यच आहे. पण आचरेकर सरांची गोष्ट थप्पडीपाशी संपत नाही. हेच सर पोराला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, म्हणजे त्याला एका दिवसात जास्त सामने खेळता यावेत. संध्याकाळी थकलेल्या पोराच्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो त्याला बाद करील त्याचे नाणे; तो नाबाद राहिला तर त्याचे. अशी मिळवलेली तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. आता पाहा, रुपया हेही बक्षीसच. डेसींच्या प्रयोगातले पैसे गोडी मारतात आणि हा रुपया गोडी वाढवतो, असे का? कारण ते पैसे कामाचा दाम होते आणि हे नाणे एक निरोप होते: तू थकला आहेस तरी तुझ्यात अजून आहे, हे मला ठाऊक आहे. बक्षीस लगाम बनते की आरसा बनते, यावर सारे अवलंबून आहे. तोंडाने शाबासकी न देणाऱ्या उस्तादाने ती नाण्यातून आणि स्कूटरच्या मागच्या सीटवरून दिली होती.

आमच्यासारख्यांची चूक अशी होते की आम्ही मोठ्या उस्तादांची थप्पड उचलतो आणि त्यांची स्कूटर विसरतो.

दुसरे उदाहरण हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांचे. हे नाव आमच्या अधिक जवळचे, कारण रहीम साहेब मुळात शाळामास्तर होते. 2024 साली त्यांच्यावर 'मैदान' हा चित्रपट आला, त्याआधी आमच्या स्टाफरूममध्येही हे नाव कुणी घेत नसे. 1950 पासून 1963 मध्ये कर्करोगाने निधन होईपर्यंत ते भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक 1950 ते 1954 असा सलग पाच वेळा नेला. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असे हरवले. चारच वर्षांनी, 1956 ला मेलबर्नमध्ये, भारत चौथा आला. यजमान ऑस्ट्रेलियाला आपण 4-2 ने हरवले आणि त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले.

या चार वर्षांत रहीम साहेबांनी काय केले? ते ओरडले असतील, कडकही होते. पण त्यांची खरी करामत सरावाच्या रचनेत होती. त्यांनी मुलांसाठी असे सामने भरवले की ज्यात चेंडू फक्त कमकुवत पायानेच मारायचा. असेही सामने भरवले की ज्यात चेंडू घेऊन एकट्याने पळायचेच नाही, लगेच साथीदाराला द्यायचा. जरा विचार करा. ज्याचा डावा पाय कच्चा आहे त्याला 'तुझा डावा पाय कच्चा आहे' असे दहा वेळा ऐकवण्याऐवजी या माणसाने असे मैदान तयार केले की जिथे सगळ्यांचाच पाय कच्चा आहे. तिथे चुकणे ही बेइज्जती राहत नाही, तो खेळच असतो. काबिलियत अशी वाढते.

आणि 1962 चे जकार्ता. त्या आशियाई स्पर्धेत इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारला. भारताचे जी. डी. सोंधी यांनी त्यावर हरकत घेतली, म्हणून तिथली गर्दी भारतीयांवर संतापलेली होती. पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडून 2-0 ने हरलो. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. रहीम साहेब स्वतः आजारी होते. अशा वेळी त्यांनी जर्नेलसिंगला बाकावर बसवून ठेवले नाही, की मागच्या जागेवर रेटूनही पाठवले नाही. त्याला आघाडीला खेळवले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. 4 सप्टेंबर 1962 रोजी अंतिम सामन्यात, ज्या कोरियाकडून आपण हरलो होतो त्याच कोरियाविरुद्ध, पी. के. बॅनर्जीने एक आणि जर्नेलसिंगने दुसरा गोल केला. 2-1 ने सुवर्णपदक आले. त्या संघात चुनी गोस्वामी कर्णधार होता; बलराम, थंगराज, युसूफ खान, फ्रँको होते. बंगाली, तेलुगू, पंजाबी, गोवेकर, हिंदू, शीख, ख्रिस्ती, मुसलमान. बाहेर सारे स्टेडियम विरोधात असताना आत प्रत्येकाला 'मी इथला आहे' असे वाटत असल्याशिवाय हे होत नाही.

यश येते तेव्हा पद्धतीचे गोडवे गायले जातात, म्हणून उलटी बाजूही पाहिली पाहिजे. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची अठरा वर्षांची जिम्नॅस्ट केरी स्ट्रग पहिल्या उडीत पडली आणि तिचा घोटा दुखावला. प्रशिक्षक बेला कारोली बाजूने ओरडत होते, तू करू शकतेस. तिने दुखऱ्या पायाने दुसरी उडी मारली, एका पायावर उभी राहिली आणि कोसळली. कारोलींनी तिला उचलून पदक घ्यायला नेले. ते छायाचित्र जगभर गाजले. हिशेब नंतर लागला: तिने ती उडी मारली नसती तरी अमेरिकेचे सुवर्ण पक्के होते. त्यानंतर ती ऑलिंपिकमध्ये उतरली नाही.

पुढे ज्या कारोलींच्या टेक्सासमधल्या केंद्रावर अमेरिकेच्या मुली सराव करत, तिथेही संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षे मुलींवर अत्याचार करत होता, हे उघड झाले. 2018 साली त्याला जन्मभर पुरेल एवढी शिक्षा झाली. ज्या मुलींनी तोंड उघडले त्यांनी तिथल्या धाकाबद्दलही सांगितले. आम्हाला यात एक फार भयंकर धागा दिसतो. ज्या मुलाला 'दुखतंय' असे म्हणण्याची मुभा नसते, त्याला दुसरेही काही सांगण्याची मुभा उरत नाही. आपण त्याला गप्प बसण्याची तालीम देतो आणि ती तालीम कुणीही वापरून घेतो.

आणि मग 2021 चे टोकियो. सिमोन बाइल्स, जगातली सर्वात नावाजलेली जिम्नॅस्ट, हवेत असताना आपल्या शरीराचे भान हरपते आहे हे ओळखून सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. तिला भित्री म्हणणारे खूप निघाले. अमेरिकेला रौप्य मिळाले. पण तीच बाइल्स 2024 मध्ये पॅरिसला परतली आणि तिने तीन सुवर्णपदके जिंकली. केरी नाही म्हणू शकली नाही, सिमोन म्हणू शकली. पंचवीस वर्षांत जी गोष्ट बदलली ती ही. आणि नाही म्हणण्याचा हक्क मिळाल्याने खेळ बुडाला नाही.

अर्थात शिस्त म्हणजे जुलूम, असे आम्हाला म्हणायचे नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकआधी पुल्लेला गोपीचंद यांनी पी. व्ही. सिंधूचा मोबाईल तीन महिने आपल्याकडे ठेवला होता, आइस्क्रीमही बंद केले होते. ती रौप्यपदक घेऊन आली आणि फोन परत मिळाला. यात आम्हाला जबरदस्ती वाटत नाही, कारण ध्येय तिचे होते, वाट दोघांची होती आणि पथ्य का पाळायचे हे तिला ठाऊक होते. रोजा ठेवणारा भुकेला असतो आणि ज्याची भाकरी हिसकावली तोही भुकेला असतो. पोट दोघांचे सारखेच रिकामे. फरक नियतीचा, म्हणजे इराद्याचा आहे.

आता आमच्या दुखऱ्या जागेकडे येतो. त्या मुलाला आम्ही 'कौमला काय तोंड दाखवायचे' असे म्हणालो होतो. हे वाक्य आले कुठून? आमच्या शाळा मैदानावर जातात तेव्हा आम्ही शिक्षक मनात एक जादा ओझे घेऊन जातो. उर्दूवाले मागे असतात, त्यांना खेळता येत नाही, त्यांच्या मुली मैदानावर दिसत नाहीत, असे ऐकून ऐकून आमचा जीव विटलेला असतो. ते ओझे खरे आहे. पण आम्ही ते उतरवून बारा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर ठेवतो आणि म्हणतो, धाव. मोठ्या खेळाडूंवरही हेच ओझे येते. ऑक्टोबर 2021 मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्ध सारा संघ हरला. समाजमाध्यमांवर शिव्या मात्र मोहम्मद शमीच्या धर्माला पडल्या. तेव्हा कर्णधार विराट कोहलीने पत्रकारांसमोर उघडपणे त्याची बाजू घेतली. त्याबद्दल त्यालाही शिव्या खाव्या लागल्या. परक्यांनी आपल्या मुलाला एका पराभवाने परका ठरवले तर आपल्याला वेदना होतात. मग तेच काम आम्ही आपल्याच मुलाशी, आपल्याच तोंडाने, 'कौम'चे नाव घेऊन करतो, तेव्हा त्याला काय म्हणायचे?

आपल्या परंपरेत अदब मोठा मानला आहे. पण आम्ही अदब आणि खौफ यांची गल्लत करतो. हजरत अनस यांनी दहा वर्षे हुजूरांची खिदमत केली आणि त्या दहा वर्षांत त्यांना एकदाही 'उफ्' ऐकावे लागले नाही, की हे का केलेस असा जाब द्यावा लागला नाही, अशी रिवायत आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. मुले माना डोलावतात. मग घंटा होते, आम्ही शिट्टी उचलतो आणि मैदानावर वेगळेच मास्तर होतो.

देशात प्रशिक्षकांना दिल्या जाणाऱ्या सर्वोच्च पुरस्काराला द्रोणाचार्यांचे नाव आहे. 1985 पासून तो दिला जातो. आचरेकर सरांना तो 1990 मध्ये मिळाला. हे नाव ऐकले की आम्हाला अर्जुन आठवण्याआधी एकलव्य आठवतो. त्याचा अंगठा आठवतो. प्रत्येक उस्तादाला एकदा तरी स्वतःला विचारावे लागेल की मी या पोराकडून मागतो आहे ती मेहनत आहे की अंगठा? आणि मागतो आहे ते त्याच्यासाठी, की माझ्या लाडक्या कुणासाठी, माझ्या शाळेसाठी, माझ्या नावासाठी?

आम्ही काय बदलले? फार काही नाही. आता मुलांना विचारतो, तुला कोणता खेळ खेळायचा आहे. संघाचा कर्णधार मुलेच निवडतात. कमकुवत पायाचा सामना रहीम साहेबांकडून उचलला आहे. खो-खोमध्ये तशाच काही युक्त्या शोधतो. शर्यतीनंतर मुलाला पहिला प्रश्न नंबराचा विचारत नाही, पाय दुखतो का ते विचारतो. आणि घड्याळ त्याच्याच हातात देतो. आपली वेळ तो स्वतः वहीत लिहितो.

याने आम्ही जिंकू लागलो, असे सांगता आले असते तर लेख गोड झाला असता. तसे झाले नाही. त्यानंतरच्या वर्षी आमचा खो-खोचा संघ पहिल्याच फेरीत हरला. मुख्याध्यापकांनी निकाल विचारला तेव्हा मान खाली घालावी लागली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो तर बाराच्या बारा मुले आमच्या आधी येऊन उभी होती. कुणी बोलावले नव्हते. हरल्यावर दुसऱ्या दिवशी मूल मैदानावर येते की नाही, याहून मोठी कसोटी निदान आम्हाला तरी अजून सापडलेली नाही.

तो केळीवाल्याचा मुलगा आता मोठा झाला आहे, एका गॅरेजात काम करतो. मध्यंतरी आम्ही मुद्दाम तिकडे गेलो आणि त्याला म्हणालो की त्या दिवशी चूक आमची होती. तो ओशाळला. "जाने दो ना सर, पुरानी बात है," म्हणाला आणि चहा मागवला. अदब त्याने सोडला नव्हता. पुन्हा धावशील का, हे विचारायचे आमच्या ओठांवर आले होते. पण ते विचारणेही पुन्हा दौडवणेच झाले असते, म्हणून गप्प राहिलो. चहा संपला. त्याने पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.

आम्ही त्याचे देणे लागतो. ते कसे फेडायचे, हे अजून ठरलेले नाही.